सगळ्यांचं लक्ष होतं

"कुंपण झाल्याशिवाय मी मुंगीला तुमच्याकडे ठेवणार नाही," असं लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा आबांना आधी वाटलं की ती गुलाबांबद्दल बोलतेय. म्हणून ते म्हणाले, "अगं, खाल्ली तिनं चार फुलं तर काय बिघडलं?"

लेक बोलत होती मागच्या अंगणातल्या तलावाबद्दल. आता तलाव म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभं राहतं, तसं इथे काही नव्हतं. आबांनी निवृत्तीनंतर हे घर घेतलं ते स्वस्तात मिळालं म्हणून, आणि आधीच्या मालकानं हौसेनं बांधलेला पोहण्याचा तलाव घरासोबत त्यांच्या गळ्यात पडला. काजूच्या आकाराचा, एका टोकाला कमरेएवढा, दुसऱ्या टोकाला छातीएवढा. आबांना पोहता येत नाही. रोज सकाळी काठावर उभं राहून लांब दांड्याच्या जाळीनं पानं काढायची आणि आल्यागेल्याला "चला, आमचा तलाव दाखवतो" म्हणायचं, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. पोहायच्या त्या आजी. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना पाण्यातला व्यायाम सांगितला होता. त्या तलावाला 'हौद' म्हणायच्या, आणि ते आबांच्या मनाला फार लागायचं.

मुंगी म्हणजे नात. वय तीन आणि वर थोडंफार. साखरेचा डबा कुठल्याही फळीवर ठेवा, ती तिथे पोचायचीच, म्हणून हे नाव. लेकीला महिनाभर कामासाठी परगावी जायचं होतं, जावई कायमचे फिरतीवर, तेव्हा हा महिना मुंगी राहणार कुणाकडे असा प्रश्न निघाला होता. खरं तर आबांच्या मते असा प्रश्न निघायलाच नको होता. पण पलीकडे व्याही होते. व्याह्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना गज, आणि पाणी म्हणाल तर ते फक्त बादलीत.

"ते म्हणाले, आमच्याकडे काळजीचं कारणच नाही," लेकीनं सांगितलं.

व्याही हे वाक्य कसं म्हणाले असतील, मान किती तिरकी करून म्हणाले असतील, हे सगळं आबांना फोनवर दिसलं. गेल्या सुट्टीतही मुंगी त्यांच्याकडेच राहिली होती, आणि परत आली ती "तिकडचे आबा घोडा होतात" असं सांगत. तेव्हापासून इकडच्या आबांना धड झोप नव्हती.

लेक बालवाडीत शिकवते. दिवसभर चिमुरड्यांशी बोलून तिची मोठ्या माणसांशी बोलायची पद्धतही तशीच झाली आहे.

"मग आबा, आपण काय करायचं? सांगा बघू."

"कुंपण."

"चारी बाजूंनी. आणि दार कसं?"

"आपोआप लागणारं."

"आणि कडी?"

"वर. तिचा हात पोचणार नाही अशी."

"शाब्बास. आणि कुंपणाजवळ चढण्यासारखं काही ठेवायचं नाही. मी आधी येऊन बघणार, मग ठरवणार."

आबांना उभ्या नोकरीत कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं, त्यामुळे अपमान वाटून घ्यावा की आनंद मानावा, हे त्यांचं संध्याकाळपर्यंत ठरेना. शेवटी त्यांनी समिती नेमली.

समिती का, तर आबांच्या ऑफिसची ती रीतच होती. कुठलंही काम एकट्यानं अंगावर घ्यायचं नाही. पाच जणांच्या सह्या झाल्याशिवाय तिथे दिव्याचा बल्बसुद्धा बदलत नसत. त्यामुळे आबांच्या काळात त्या ऑफिसात चुका पुष्कळ झाल्या, पण एकही चूक कुणाची म्हणून झाली नाही. याचा आबांना फार अभिमान होता. 'सगळ्यांची जबाबदारी' हे शब्द ते असे उच्चारायचे की ऐकणाऱ्याला उभं राहावंसं वाटे.

समितीत अध्यक्ष स्वतः आबा. आजींना न विचारता सभासद करण्यात आलं. उरलेले दोघे शेजारी: डाव्या हाताचे विमेवाले, ज्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूत अपघात दिसतो, आणि उजव्या हाताच्या वकीलबाई, ज्यांना त्या अपघातात खटला दिसतो. पहिली बैठक तलावाकाठी, चहा-बिस्किटांसह झाली.

"रिकामा करून टाका. विषय संपला," विमेवाले म्हणाले.

"आणि माझे गुडघे?" आजी म्हणाल्या.

"शिवाय रिकामा खड्डा म्हणजे पडणारा थेट फरशीवर," वकीलबाई म्हणाल्या. "ते तर आणखी वाईट. मी सांगते, एक पाटी लावा. 'पाण्याजवळ जाणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर जावे.' मग तुमच्यावर काही येत नाही."

"पोरगी तीन वर्षांची आहे. वाचता कुठे येतंय तिला?"

"मग वाचून दाखवा आणि अंगठा घ्या."

विमेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी एक तरंगणारी घंटा आणून दिली. पाण्यात काही पडलं की ती ओरडते. ती खरंच ओरडायची, अगदी कर्तव्यदक्षपणे. पान पडलं की ओरडायची, चिमणी पाणी प्यायला बसली की ओरडायची, आणि आजी व्यायामाला उतरल्या तेव्हा तर अशी ओरडली की सगळी गल्ली भिंतीवरून डोकावली. पोहण्याच्या पोशाखात एवढ्या लोकांना सामोरं जायची आजींना सवय नव्हती. त्यांनी घंटा उचलून विमेवाल्यांच्या अंगणात फेकली आणि तो विषय संपला.

उरलं कुंपण. पण छातीच्या वर कुंपण घालायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते, असं वकीलबाईंनी सांगितलं, आणि आबा खुशीत आले. ऑफिस म्हणजे त्यांचं माहेर. इस्त्रीचा शर्ट घालून ते नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनानं नकाशा काढला, चष्मा वर केला, खाली केला.

"तलाव कुठाय?"

"मागच्या अंगणात."

"नकाशात तिथे हिरवळ आहे."

"हिरवळ नाही हो, तलाव आहे. मी रोज पानं काढतो."

"तुम्ही काढत असाल. पण आमच्याकडे तलाव नाही. जो तलाव नाही त्याला कुंपणाची परवानगी कशी देणार? आधी तलावाची परवानगी घ्या."

"बरं, तीच द्या."

"ती बांधण्याआधी मिळते. तुम्हाला आधी हा बुजवावा लागेल, मग परवानगी, मग परत खणायचं."

दुसरा कुणी असता तर संतापला असता. आबांना मात्र भरून आलं. एवढं निर्दोष उत्तर त्यांना स्वतःलाही त्यांच्या चांगल्या दिवसांत सुचलं नसतं. ते भिंतीशी बाकावर बसून राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून कारकुनालाच दया आली. तो हळूच म्हणाला, "हिरवळीवर पाळीव प्राण्यासाठी कुंपण चालतं. कुत्रा आहे?"

आबांच्या डोळ्यांसमोर व्याही आले. "आहे," ते म्हणाले.

त्यानंतर वेल्डर. हा माणूस "उद्या येतो" इतक्या मनापासून म्हणायचा की प्रत्येक वेळी खरं वाटायचं. एकदाचा आला, उभ्या गजांचं कुंपण उभं केलं, दार बसवलं आणि दाराला कुठल्याशा गोदामातून आणलेली एक दणकट स्प्रिंग लावली. दार आपोआप लागायचं, यात शंका नाही. पण ते लागताना मध्ये जो कोणी असेल त्याला बरोबर घेऊन लागायचं. आबांना ते पहिल्याच दिवशी पाठीमागून असं बसलं की रात्री जेवताना त्यांनी उशी मागून घेतली.

कडी वेल्डरनं वर, बाहेरच्या बाजूला बसवली होती. आतून ती काढायची तर दारावरून हात पलीकडे घालायचा. वेल्डर उंच होता, त्याला ते सहज जमलं. आबा काही उंच नव्हते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पोहायला आणि आबा पानं काढायला आत गेले, मागे दार दणकन लागलं, आणि दोघं आतच राहिली. आबांच्या अंगावर बनियन आणि गुडघ्याएवढी चड्डी. आता हाक तर मारावी लागणार, आणि ती कुणाला ऐकूही जाऊ नये, अशा आवाजात आबा "कोणी आहे का" म्हणत राहिले. आजी मजेत पाण्यात फेऱ्या मारत होत्या.

"अहो, मोठ्यानं ओरडा की."

"मी काय भाजी विकतोय?"

शेवटी विमेवाले आले. पण त्यांनी दार लगेच उघडलं नाही. पलीकडे उभं राहून त्यांनी आधी घरात अडकून पडण्याबद्दलची एक योजना समजावून सांगितली. ऐकणारा पळून जाऊ शकत नाही, असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. नंतर वेल्डरनं आणखी बऱ्याच 'उद्यां'नंतर येऊन कडीला आतून ओढायचा एक खटका लावला, तोही उंचावरच, आबा टाचा वर करतील तर पोचेल असा.

आता कुंपण पक्कं झालं, पण आजींना ते बघवेना. "तुरुंग दिसतोय तुरुंग," त्या म्हणाल्या, आणि शोभेसाठी त्यांनी गजांना लागून बाहेरून एक बाक आणि कुंड्यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी ठेवली. समितीनं एकमतानं वाहवा केली.

तेवढ्यात नगरपालिकेचे निरीक्षक कुत्रा बघायला आले. वकीलबाईंचा कुत्रा उसना आणून आत सोडला होता. हा कुत्रा म्हातारा, जाड, आणि उठून बसायचं झालं तरी विचार करणारा. त्याच्यावर आबांचा विश्वास होता. निरीक्षकांनी बाहेरून विचारलं, "हिरवळ कुठाय?" आबा म्हणाले, "पाण्याखाली." आणि तेवढ्यात दाराशी बिस्किटांची बशी आली. कुत्रा, ज्याला कुणी चालतानाही फारसं पाहिलं नव्हतं, तो दार बंद व्हायच्या आत बाहेर आला, बिस्किटं खाल्ली, बाकावर चढला, कुंड्यांच्या पायऱ्या चढला आणि कुंपणावरून थेट पाण्यात उडी घेतली. मग पोहून काठावर आला आणि गजांतून निरीक्षकांच्या अंगावर अंग झटकलं.

निरीक्षक भला माणूस होता. पाणी पुसत तो म्हणाला, "कुत्रा असो की काही असो, हा बाक आणि कुंड्या आधी हलवा." लेकीनं फोनवर हेच सांगितलं होतं, हे आजींनी आबांना ऐकवलं. आबा म्हणाले, बाकाचा निर्णय समितीचा होता.

बाक आणि कुंड्या हलल्या, आणि मग लेक आली. मुंगीला कडेवर घेऊन तिनं सगळं बघितलं. गज हलवून पाहिले. दोन गजांच्या मधून मुंगीचं डोकं जातं का ते पाहिलं. दार अर्धं उघडून सोडलं, पूर्ण उघडून सोडलं, बोटभर उघडून सोडलं. दर वेळी दार लागलं. पाण्यात मुंगीसाठी आबांनी मुद्दाम आणून ठेवलेला लाल चेंडू तिनं काढून घेतला. "खेळणं पाण्यात दिसलं की मूल पाण्याकडे जाणार, आबा. पण बाकी छान केलंय. खरंच छान."

आबांचा ऊर भरून आला. सगळी समिती कुंपणाच्या आत, तलावाच्या उथळ टोकाशी खुर्च्या टाकून बसली. चहाचा ट्रे ये-जा करत होता आणि ते दार दर वेळी ट्रेवर दणकायचं, म्हणून दारात एक खुर्ची अडकवून ठेवलेली होती. ती कुणी ठेवली हे पुढे कधीच निश्चित झालं नाही. लेकीचा फोन वाजला. आत जाताना तिनं मुंगीला खाली ठेवलं. "लक्ष ठेवा हं तिच्याकडे."

"हो, हो, जा तू," चौघं एका सुरात म्हणाली.

मग विषय निघाला मुलांच्या सुरक्षिततेचा. विमेवाले म्हणाले की अपघात नेहमी क्षणभरात होतो. वकीलबाई म्हणाल्या की क्षणभर ही कायद्यानं फार मोठी मुदत आहे. आबांनी सर्वांच्या जबाबदारीवर एक छोटंसं भाषण केलं, आणि ते चांगलं झालं. आजी रिकामे कप घेऊन आत गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि दारातच थांबल्या.

"मुंगी कुठाय?"

चौघांचीही मान एकदम पाण्याकडे वळली. खोल टोकाला, पाण्यावर, मुंगीची पिवळी टोपी तरंगत होती.

त्यानंतरचा क्षण विनोदी कथेत सांगण्यासारखा नाही. त्यांना पोहता येत नव्हतं हे त्यांना आठवलंही नाही. चष्मा, घड्याळ, बूट, सगळ्यांसकट त्यांनी उडी मारली. पाणी छातीएवढंच होतं, पण ते धडपडले, बुडाले, वर आले, परत खाली गेले आणि हातांनी तळ चाचपत राहिले. तळाला काही लागत नव्हतं, आणि त्या काही न लागण्यानंच त्यांचा जीव जात होता. आजीही साडीसकट पाण्यात आल्या होत्या. "मुंगे, मुंगे," एवढंच आबा म्हणत होते, आणि तोंडात पाणी जात होतं.

"आबा, पाण्यात काय करताय?"

दारात लेक उभी होती. कडेवर मुंगी, तिच्या हातांना साबणाचा फेस.

"आबा बुडबुडा," मुंगी म्हणाली.

लेकीनं टोपी पाहिली, आईवडिलांना पाहिलं, दारात अडकवलेली खुर्ची पाहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "हात चिकट झाले होते म्हणून मी हिला धुवायला नेलं," ती म्हणाली. "तुमच्या समोरून नेलं. वकीलकाकूंच्या पायाशी बसली होती, तिथून उचललं. टोपी उडाली तीसुद्धा तेव्हाच. तुमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही?"

"मला वाटलं विमेवाले बघतायत," वकीलबाई म्हणाल्या.

"मला वाटलं आबा," विमेवाले म्हणाले.

मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. ते अजून पाण्यातच होते. चष्मा गेलेला, केस कपाळाला चिकटलेले, एका हातात पिवळी टोपी. इतक्या वर्षांच्या सरावानं त्यांना इथे काहीही म्हणता आलं असतं. बैठक आजींनी मध्येच सोडली असं म्हणता आलं असतं.

"मी बघत नव्हतो," आबा म्हणाले. "चूक माझी आहे. माझी एकट्याची." त्यांनी टोपी काठावर ठेवली. "तू हिला घेऊन जा. व्याह्यांकडे ठेव. तिकडे पाणी बादलीत असतं."

विमेवाले आणि वकीलबाई न सांगता उठून गेले. लेक काठावर बसली. मुंगीला तिनं घट्ट धरलं होतं.

"बादलीतसुद्धा मूल बुडतं, आबा. बघणारं कुणी नसलं तर," ती म्हणाली. तिचा बालवाडीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आणि तिकडे तरी काय? तेही म्हणाले, आम्ही एवढे सगळे आहोत ना. मला सगळे नकोत. मला एक माणूस सांगा. कोण बघणार?"

"मी."

"आणि फोन आला, कुणी हाक मारली, आत जावं लागलं, तर?"

आबा विचार करू लागले. पाण्यात उभं राहून, कुडकुडत. "चार्ज देईन," ते म्हणाले. "ऑफिसात तिजोरीची किल्ली असायची. ती एवढी एकच गोष्ट सगळ्यांची नसायची. ज्याच्याकडे किल्ली, तो जबाबदार. जायचं झालं तर दुसऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं, चार्ज दिला. तो म्हणणार, घेतला. तो म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. घरी आग लागली तरी नाही."

लेकीचं निघणं अजून दोन दिवसांवर होतं, आणि ते दोन दिवस ती नुसती बघत राहिली. आबांनी जुना चष्मा शोधून चढवला आणि ते मुंगीमागे फिरू लागले. कुंपणाचं दार आता बंद असायचं, आणि उघडलं तर आबा आत असायचे, मुंगीपासून हातभर अंतरावर. विमेवाले एक माहितीपत्रक घेऊन आले आणि बराच वेळ आबांच्या पाठीशीच बोलून परत गेले. वकीलबाईंना वाटलं आबा रागावलेत. आंघोळीला जायचं तर आजींना हाक.

"चार्ज दिला."

"ठेवा तिथे, आले मी."

"ठेवा काय? घेतला म्हण."

"अहो, घेतला."

"तिच्याकडे बघून म्हण. माझ्याकडे काय बघतेस?"

आजी म्हणाल्या की लग्नातसुद्धा ह्यांनी मला इतक्या वेळा विचारलं नव्हतं. पण घेतला म्हणाल्या, आणि मुंगीकडे बघून म्हणाल्या. रोज सकाळी त्या मुंगीला उथळ टोकाला हात धरून पाण्यात पाय मारायला शिकवू लागल्या. काठावर आबा बसायचे. त्यांना हसू यायचं, पण ते डोळ्यांवर येऊ द्यायचे नाहीत.

निघायच्या दिवशी लेकीनं बॅग एकटीचीच भरली. मुंगी पाण्यात होती, आजींचे दोन्ही हात धरून. आबा काठावर. लेक त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आबा, चार्ज दिला."

"घेतला."

आबांची एक जुनी पद्धत आहे. लेक निघाली की तिच्यासोबत रस्त्यापर्यंत जायचं, बॅग आपण उचलायची, आणि ती वळणाआड होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं. ती शाळेत जायची तेव्हापासून हे कधी चुकलेलं नाही. आज बॅग तिनं स्वतःच उचलली. रस्त्यावर पोचल्यावर तिनं वळून मागे पाहिलं. घराच्या बाजूच्या बोळातून मागचं अंगण दिसत होतं, गज दिसत होते, आणि गजांपलीकडे आबांची पाठ दिसत होती. तिनं हात हलवला. थोडा वेळ थांबून परत हलवला.

आबांनी मान वळवली नाही. लेकीचे डोळे भरून आले, आणि ती अगदी निर्धास्त मनानं गेली.